आमची वाटचाल : इचलकरंजीच्या मागावरून रॉचडेलच्या गिरणीत

आमचं शिलाईचं वर्कशॉप उत्तर इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये आहे. केअर होम आणि शाळांसाठी पडदे, कॅफे-रेस्टॉरंटसाठी एप्रन, घरगुती ग्राहकांसाठी पडदे आणि सोफ्याची कव्हरं, आणि आषाढ-श्रावण लागला की शिवलेल्या नऊवारी, असा आमचा धंदा. मी धरून पाच माणसं. इथून मँचेस्टर रेल्वेने साधारण वीस मिनिटांवर, लीड्स तासाभरावर. 'मग मँचेस्टरलाच का नाही टाकलंत वर्कशॉप?' असं गावाकडचे नातेवाईक विचारतात, इथले ग्राहकही विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहायला बसले.

मी मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे, काका सूतगिरणीचे सभासद, घरात बोलणं सुताच्या भावाचं आणि लाइट कधी येणार याचं. तिथल्याच डीकेटीई कॉलेजात टेक्स्टाइल शिकले. लग्नानंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे मँचेस्टरला आले. घर घ्यायची वेळ आली तेव्हा हिशोब मांडला, तर मँचेस्टरच्या एका फ्लॅटच्या पैशात रॉचडेलशेजारच्या मिल्नरोला रांगेतलं दगडी घर मिळत होतं, मागे परस, समोर पेनाइन्सचे डोंगर. नवरा म्हणाला, रोज रेल्वेने जाईन. आम्ही आलो.

रॉचडेल बरो, म्हणजे इथली स्थानिक प्रशासनाची हद्द, हे एकच गाव नव्हे. १९७४ साली रॉचडेलसोबत हेवूड, मिडलटन, लिटलबरो, मिल्नरो अशी गावं एका हद्दीत आली आणि ग्रेटर मँचेस्टरच्या दहा बरोंपैकी हा एक झाला. प्रत्येक गावाला आपापला अभिमान आहे. हेवूडच्या माणसाला रॉचडेलचा म्हणालात तर तो लगेच दुरुस्त करतो. आम्ही घर बघत होतो ते २०१६ साल, आणि त्याच वर्षी शहराच्या मध्यातली रॉच नदी पुन्हा उघडी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती टप्प्याटप्प्याने काँक्रीटखाली झाकून टाकली होती. वर रस्ता, खाली नदी. झाकण काढलं तेव्हा मध्ययुगातला दगडी पूल उजेडात आला. २०१५ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी याच नदीचं पाणी दुकानांत शिरलं होतं, त्यामुळे नदी उघडी करणं निव्वळ शोभेसाठी नव्हतं, पुराच्या पाण्याला वाट देण्यासाठीही होतं. पंचगंगेच्या काठची मुलगी मी, मला ते लगेच पटलं.

ट्राम त्याआधीच, २०१४ च्या मार्चमध्ये मध्यवस्तीपर्यंत आली होती. ती ओल्डहॅमवरून वळसा घेत जाते, म्हणून मँचेस्टर गाठायला रेल्वेच बरी; पण ओल्डहॅमचे ग्राहक आमच्यापर्यंत ट्राममुळेच पोचले. २०२० मध्ये नदीकाठी नवा बाजार आणि सिनेमागृह उभं राहिलं. २०२४ च्या मार्चमध्ये टाउन हॉल दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. १८७१ चं हे काम. कापसाच्या पैशात बांधलेलं, आणि इतकं देखणं की पहिल्यांदा आत गेले तेव्हा छताकडे बघताना मान दुखली. मोठ्या दालनात चित्रकार हेन्री हॉलिडेचं, मॅग्ना कार्टा या जुन्या इंग्लिश सनदेचं भित्तिचित्र आहे. छताच्या रंगवलेल्या फळ्यांवरची दीड शतकाची काजळी कारागिरांनी हातांनी, फळी-फळी करून काढली. या शहराच्या नूतनीकरणात लोक सर्वांत जास्त प्रेमाने दाखवतात ते हे काम, आणि ते हातांनी झालेलं आहे. याकडे मी पुन्हा येणार आहे.

धंद्याची सुरुवात घरातल्या छोट्या खोलीत झाली, एका जुन्या ज्यूकी मशीनवर. पहिले ग्राहक म्हणजे मँचेस्टरच्या मराठी आणि गुजराती बायका. साड्यांना फॉल-पिको आणि ब्लाउज. मग शेजाऱ्यांच्या पँट आखूड करणं, पडद्यांना नवीन अस्तर. २०२० च्या वसंतात सगळं बंद पडलं आणि इथल्या शिवणकाम येणाऱ्या प्रत्येकाने दवाखान्यांसाठी स्क्रब्ज, म्हणजे डॉक्टर-नर्सचे कामाचे कपडे, शिवायला घेतले. मीही घेतले. त्या कामात ज्यांची ओळख झाली त्या आज आमच्या वर्कशॉपचा कणा आहेत. आम्ही सगळे त्यांना बाजी म्हणतो, उर्दूत मोठी बहीण. त्यांचे वडील मीरपूरहून गिरणीच्या रात्रपाळीसाठी आले. त्या पिढीत पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या कितीतरी पुरुषांनी लँकशरच्या, म्हणजे या भागाच्या जुन्या परगण्यातल्या गिरण्यांच्या, रात्रपाळ्या चालवल्या. बाजी स्वतः तरुणपणी कपड्यांच्या कारखान्यात नगावर शिवायच्या. कारखाना बंद पडला आणि वर्षानुवर्षं त्यांच्या हाताला काम नव्हतं. कापडावर नुसती बोटं फिरवून त्या ताणा कुठला, बाणा कुठला सांगतात. माझ्याकडे पदवी आहे, ती बोटं माझ्याकडे नाहीत.

घर अपुरं पडायला लागलं तेव्हा जुन्या गिरणीत एक गाळा भाड्याने घेतला. गिरणी म्हणजे चार मजली लाल विटांची इमारत, ओतीव लोखंडाचे खांब, आणि शंभर वर्षं यंत्रांचं तेल पिऊन काळी झालेली लाकडी जमीन. उन्हाळ्यात ऊन तापलं की फळ्यांमधून तेलाचा वास वर येतो. तो वास मला थेट वडिलांच्या शेडमध्ये नेतो. पण पांढरं कापड त्या जमिनीला टेकलं की डाग पडलाच समजा, म्हणून आधी सगळीकडे लिनोलियम घातलं आणि मगच कापायचं टेबल आत आलं. खिडक्या मात्र अशा की डिसेंबरातल्या दुपारीही दिवा न लावता सुई ओवता येते.

भाडं मँचेस्टरच्या मानाने फारच कमी. शिवाय इंग्लंडमध्ये एकच जागा असलेल्या छोट्या धंद्याला, त्या जागेचं करपात्र मूल्य वर्षाला १२,००० पौंडांपर्यंत असेल तर व्यावसायिक मालमत्ता कर पूर्ण माफ असतो. आमचा गाळा त्यात बसला. मँचेस्टरच्या मध्यवस्तीत एवढ्या मूल्यात कपाटाएवढी जागा मिळाली असती. म्हणून ग्राहक मोठ्या शहरांतले आणि वर्कशॉप इथे, हे गणित जमलं. मँचेस्टरमधल्या अँकोट्सच्या कॅफेंचे एप्रन मी सकाळच्या रेल्वेने पोचवते आणि दुपारच्या आत मशीनवर परत असते. लीड्स आणि ब्रॅडफर्डच्या मालासाठी एम ६२ महामार्ग जवळच आहे. फक्त हिवाळ्यात डोंगरमाथ्यावर बर्फ आणि धुकं असतं, तेव्हा माल एक दिवस आधी निघतो.

आमच्या धंद्याचा मोठा भाग केअर होमच्या पडद्यांचा आहे, आणि त्याबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे. अशा जागी लावायचं कापड बीएस ५८६७ या ब्रिटिश मानकात बसावं लागतं. ज्वाला धरली तरी पेट पसरता कामा नये. दोन प्रकारचं कापड मिळतं. एकावर वरून रसायनाचा थर असतो, आणि ते धुण्यात उतरत जातं. दुसऱ्यात तो गुण धाग्यातच असतो, आणि ७१ अंशांवर पुन्हापुन्हा धुतलं तरी टिकतो. आम्ही दुसरंच वापरतो. महाग पडतं, कधीकधी ऑर्डर हातची जाते, तरीही. याला कारण याच गावात आहे. स्पॉडन नदीच्या खोऱ्यात टर्नर ब्रदर्सची अॅस्बेस्टॉसची गिरणी होती. न पेटणारं कापड जगाला पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी ती एक. तिथे अॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ च्या मार्चमध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. अॅस्बेस्टोसिसने, म्हणजे अॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने, झालेला मृत्यू म्हणून वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेलेला हा पहिला मृत्यू. कंपनीने जबाबदारी नाकारली आणि तिला खुणेच्या दगडाशिवाय पुरलं गेलं. न पेटणारं कापड शिवताना ते शिवणाऱ्यांच्या फुफ्फुसात काय जातं हे विचारायचं, हे मी या गावात शिकले. नवीन मुलगी कामाला आली की बाजी तिला मशीन दाखवण्याआधी ही गोष्ट सांगतात.

आमच्याकडच्या कापसाचा आणि या गावाचा संबंध तसा जुना. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला, लँकशरच्या गिरण्या थंडावल्या, कामगार उपाशी राहिले. आणि त्याच वेळी खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत त्या पैशावर शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये फुटला. रॉचडेलचा गिरणीमालक आणि त्या वेळी मँचेस्टरचा खासदार असलेला जॉन ब्राइट, ज्याचा पुतळा टाउन हॉलमागच्या ब्रॉडफील्ड पार्कात आहे, त्याने १८४८ मध्येच हिंदुस्थानातल्या कापूस-लागवडीवर संसदेच्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं होतं. आणि ट्वीडेल्स अँड स्मॉली ही रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायची यंत्रं, बनवणारी कंपनी इथल्याच कॅसलटनची. कॉलेजात यंत्रांच्या इतिहासात लँकशरची नावं पाठ केली होती. आता ती रस्त्यांच्या पाट्यांवर आणि जुन्या भिंतींवर दिसतात.

पण मला सर्वांत जवळची जागा म्हणजे टोड लेन ही गल्ली. २१ डिसेंबर १८४४ ला इथे २८ जणांनी, बहुतेक विणकर आणि कारागीर, प्रत्येकी एक पौंड घालून दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. वजन चोख, भेसळ नाही, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. आपल्याकडे सहकाराच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला रॉचडेलच्या या पायोनियर्सचं नाव माहीत असतं. काकांना मी ते दुकान दाखवलं, आता तिथे संग्रहालय आहे. सूतगिरणीच्या सर्वसाधारण सभांमध्ये आवाज चढवणारे काका तिथे बराच वेळ काहीच बोलले नाहीत. परत आल्यावर त्यांनी माझ्या हिशोबाच्या वह्या मागवल्या आणि विचारलं, 'तुझ्या माणसांना काय मिळतं?' त्या वर्षापासून नफ्यातला ठरावीक हिस्सा आम्ही कामाच्या तासांच्या प्रमाणात सगळ्यांमध्ये वाटतो. मलाही तासांप्रमाणेच. इथलं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड झालं, पगारावर मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ताही १५ टक्के झाला. पाच माणसांच्या धंद्याला हे जड जातंच. पण वाटप आम्ही थांबवलेलं नाही.

आता अडचणीचं. नदी उघडली, टाउन हॉल उजळला, तशी आजूबाजूच्या जागांना किंमत आली. आमच्या पहिल्या गिरणीच्या मालकाने इमारत फ्लॅटसाठी द्यायचं ठरवलं आणि सगळ्या गाळेधारकांना नोटीस आली. त्या इमारतीत फर्निचरला पॉलिश करणारे होते, छपाईवाले होते, सायकली दुरुस्त करणारा एक पोरगा होता. सगळे पांगले, दोघांनी धंदाच बंद केला. आम्हाला कॅसलटनच्या बाजूला शेड मिळाली म्हणून निभावलं. मशीन हलवायला बाजींचे पुतणे व्हॅन घेऊन आले, शेजारच्या पोलिश सुताराने कापायचं टेबल उकलून पुन्हा जोडून दिलं, एक पेनीही घेतली नाही.

फ्लॅट हवेत, हे मला मान्य आहे. मँचेस्टरची भाडी न परवडणारी तरुण मंडळी इथे येतात, संध्याकाळी नदीकाठी गर्दी दिसते, ते चांगलंच आहे. आम्हीही तसेच आलो. पण प्रत्येक गिरणीचे फ्लॅट झाले तर हे गाव सकाळी रेल्वेने रिकामं होईल आणि रात्री झोपायला भरेल. ज्या हातांनी टाउन हॉलचं छत साफ केलं, त्या हातांना वर्षभर बसायला जागा लागते, आणि ती स्वस्त लागते. बरोच्या बैठकांमध्ये नागरिकांना बोलायची संधी असते तेव्हा मी जाऊन हेच सांगते: रूपांतराला परवानगी देताना तळमजला तरी कामाच्या गाळ्यांसाठी राखा. गेल्या खेपेला माझ्यानंतर छपाईवाले बोलले, मग एक निवृत्त रिंग स्पिनर आजी. पुन्हा जाणार आहोत.

नवी शेड लहान आहे, पण उत्तरेकडून उजेड येतो. कॉलेजातून आलेली एक मुलगी बाजींच्या हाताखाली तयार होते आहे. गंमत म्हणजे तिने पहिली पूर्ण वस्तू शिवली ती पेशवाई नऊवारी. काष्ट्याचं आसन कसं बसवायचं हे मी समजावत होते, तर बाजी म्हणाल्या, ही तर सलवारीची कापणी, फक्त मागे काष्टा सोडायचा. त्यांनी माझ्या कागदी साच्यावर खडूने दोन रेषा मारल्या आणि चालताना ओढणारी नऊवारी ओढायची थांबली. आता आम्ही तोच साचा वापरतो.

गणपतीसाठी मखराचे पडदे आणि नऊवारी यांच्या ऑर्डरी जूनअखेरपर्यंत घेतो. माप द्यायला शनिवारी या, त्या दिवशी बाजी पूर्ण वेळ असतात. येताना नेसायची ती साडी आणि घालायचे ते बूट-चपला बरोबर आणा, उंची त्यावरच ठरते. कॅसलटन स्टेशनपासून चालत यायला फार वेळ लागत नाही.