तुम्ही विचारलंत म्हणून: मग फोटो काय वाईट?

एकोणिसाव्या शतकातला रशियन चित्रकार इल्या रेपिन याची व्यक्तिचित्रं दाखवली की कुणीतरी हमखास विचारतं, "इतकं हुबेहूब काढायचं, तर मग फोटो काय वाईट?" वाईट काहीच नाही. फोटो तेव्हाही निघत होते. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, त्याने रंगवलेला मुसोर्गस्की एकदा नीट बघा.

मार्च १८८१. संगीतकार मुसोर्गस्की सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी इस्पितळात पडून होता, दारूने पार पोखरलेला. रेपिन रंग घेऊन तिथेच गेला. ईझलसुद्धा नव्हता, टेबलाशी बसून काम केलं. चार बैठकींत चित्र झालं आणि पंधरवड्याच्या आत मुसोर्गस्की गेला. वय ४२.

नाक लालबुंद, केस विस्कटलेले, अंगावर किरमिजी गळपट्टीचा झगा, मागे नुसता फिका उजेड. तो नाकाचा लाल रंग जरा उतरवणं रेपिनला काय कठीण होतं? दोस्ताची अब्रू राखली, असंच लोक म्हणाले असते. त्याने नाही उतरवला. आणि म्हणूनच त्या बाजूला वळलेल्या, स्वच्छ डोळ्यांवर आपला विश्वास बसतो. ते दया मागत नाहीत. प्रदर्शनात चित्रकार क्राम्स्कोय खुर्ची ओढून या चित्रासमोर ठाण मांडून बसला होता म्हणे. चित्राचे पैसे रेपिनने मित्राच्या स्मारकाला दिले.

टॉलस्टॉयचं १८८७ चं चित्र जास्त प्रसिद्ध आहे. भव्यही आहे. मला मात्र तिथे रेपिन थोडा दबकलेला वाटतो. समोर ऋषी बसलाय हे तो विसरत नाही.

त्यापेक्षा कथाकार गार्शिन बघा, १८८४ चा. टेबलावर कागदांचा पसारा, आणि लिहिता लिहिता कुणी हाक मारावी तशी वर आलेली नजर. याच गार्शिनला समोर बसवून रेपिनने दुसऱ्या एका चित्रात रशियाचा झार इव्हान द टेरिबल याच्या मरणाऱ्या मुलाचा चेहरा रंगवला. १८८८ मध्ये गार्शिनने जिन्यावरून स्वतःला झोकून दिलं. हे कळल्यावर त्या डोळ्यांत आपण भलतंसलतं वाचायला लागतो, तेवढं टाळा.

मुसोर्गस्की मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे, पण गार्शिन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. न्यू जर्सीला लेकीसुनांकडे जाणारे तुमच्यात पुष्कळ असतील. चित्र सध्या भिंतीवर आहे ना, एवढी चौकशी करा आणि एक दुपार मोकळी ठेवा.