तेरावा बेनेडिक्ट खरा पोप होता का?

युरोपच्या इतिहासावर कुठेही बोलले की हा प्रश्न हमखास येतो : एकाच वेळी तीन-तीन पोप होते, मग स्पेनमधल्या पेनिस्कोलाच्या किल्ल्यात अडून बसलेला तेरावा बेनेडिक्ट खरा की खोटा? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

व्हॅटिकनने त्याला यादीतून वगळलंय. १७२४ साली आलेल्या पोपनेही तेरावा बेनेडिक्ट हेच नाव घेतलं, म्हणजे आधीचा मोजलाच नाही. मलाही तो खरा वाटत नाही, पण माझं कारण त्याच्याच युक्तिवादात आहे.

या बेनेडिक्टचं मूळ नाव पेद्रो दे लुना. तो स्पेनकडच्या अरागोन राज्यातल्या सरदार घराण्यातला, चर्चच्या कायद्याचा प्राध्यापक. पोप अकराव्या ग्रेगरीने त्याला १३७५ मध्ये कार्डिनल, म्हणजे नवा पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपैकी एक, केलं. १३७८ मध्ये ग्रेगरी रोमला वारला. पोपची गादी पुन्हा फ्रान्सकडच्या आव्हिन्यों शहरात जाईल या धास्तीने लोक बाहेर ओरडत होते : रोमन पोप द्या, निदान इटालियन तरी! आतल्या १६ कार्डिनलांनी सहावा अर्बन निवडला. लुनाही त्यांत होता. अर्बनचा राज्याभिषेक झाला, आणि मग त्याच्या तापट जिभेला कंटाळून बहुतेक कार्डिनल म्हणू लागले की आम्ही जिवाच्या भीतीने मत दिलं. सप्टेंबरात त्यांनी दुसरा पोप म्हणून सातवा क्लेमेंट उभा केला, आणि चर्चमध्ये फूट पडली. १३९४ मध्ये त्याच्या जागी आव्हिन्योंत लुना आला. चर्च एक होणार असेल तर गादी सोडेन, अशी शपथ निवडणुकीआधी कार्डिनलांनी घेतली होती, त्यानेही घेतली होती. फ्रान्सने पाठिंबा काढला, त्याच्या राजवाड्याला वेढा पडला, १४०३ मध्ये तो वेषांतर करून निसटला. पण गादी सोडली नाही.

१४१५ मध्ये सम्राट सिगिस्मुंड स्वतः पर्पिन्यांला त्याची मनधरणी करायला आला. तेव्हा फूट मिटवायला इटलीतल्या पिसाला भरलेल्या धर्मपरिषदेने नेमलेला तिसरा पोपही होऊन गेला होता. ऐंशी ओलांडलेला लुना म्हणाला, फुटीआधी नेमलेला हयात कार्डिनल मी एकटा. बाकी सगळ्यांची नेमणूक वादग्रस्त. म्हणजे निर्विवाद पोप निवडायचा अधिकार फक्त मला!

बिनतोड वाटतं ना? मला यातच त्याची हार दिसते. ज्या कार्डिनलपदाच्या जोरावर तो हे म्हणतो, त्याच पदावरून त्याने अर्बनला मत दिलं होतं. ती निवड भीतीतली म्हणून सोडून द्या, हेही तोच सांगतो.

कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने १४१७ मध्ये त्याला पदच्युत केलं. उरल्यासुरल्या कार्डिनलांसह तो समुद्रातल्या त्या खडकावर मरेपर्यंत पोप म्हणूनच राहिला. किल्ल्यात त्याच्या घराण्याचं चिन्ह कोरलंय : उलटी चंद्रकोर, वर पोपचा मुकुट. ते पाहून लोक हळवे होतात. त्याची जिद्द मलाही भारावते.

पण त्याच्या हुकमांना धार होती, हे विसरू नका. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाला १४१३ मध्ये मान्यता दिली ती त्यानेच. ते आजही चालू आहे. त्याच वर्षी तोर्तोसाला त्याने अरागोनमधल्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, धर्मावरच्या वादासाठी बोलावलं आणि वर्ष उलटून गेलं तरी ते प्रकरण चालूच ठेवलं. निकाल आधीच ठरलेला होता. मग १४१५ च्या फर्मानाने ज्यूंना तालमूद हा त्यांचा धर्मग्रंथ बाळगायला बंदी झाली. तो खरा पोप होता का, हे त्या रब्बींना विचारायची सोय नव्हती.