तुम्ही विचारलंत म्हणून: मेमध्ये वादळ आलं की यंदा महापूर येतो का?

मे महिना अर्धा सरला आणि टीव्हीवर अरबी समुद्रात लाल-पिवळं चक्र फिरायला लागलं, की माझा फोन वाजायला लागतो. मी भूगोल शिकवत होते, त्यामुळे सगळ्यांसाठी अजून बाईच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नरसोबावाडीकडची माझी जुनी विद्यार्थिनी विचारते, "बाई, आत्ताच वादळ उठलंय म्हणं. मग यंदा म्हापूर येतोय काय?" वीटभट्टीवाल्या शेजाऱ्यांना कच्च्या विटांवर कागद घालायचा का ते हवं असतं. कागलच्या भाऊजींना सोयाबीन कधी टोकायचं ते. सगळ्यांच्या बोलण्यात मूळ प्रश्न एकच असतो: हंगामाच्या आधी आलेलं वादळ पुढच्या हंगामाबद्दल काही सांगतं का?

माझं उत्तर असं आहे. पुढच्या चार-पाच दिवसांचं ते पक्कं सांगतं आणि पेरणीचं अर्धंमुर्धं. श्रावणातल्या पुराचं मात्र त्याच्याकडून काही कळत नाही. का, ते नीट सांगते, कारण या एका गैरसमजापायी लोक मे महिन्यात घाबरतात आणि जुलैत, जेव्हा खरं लक्ष द्यायला हवं, तेव्हा निवांत असतात.

हा प्रश्न अटलांटिक महासागराच्या काठी राहणाऱ्यांनाही पडतो, आणि तिथल्या जुन्या नोंदींवरून तो चांगला उलगडतो. तिथे चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून धरतात. पण पुष्कळदा त्याआधीच, एप्रिल-मेमध्ये, बर्म्युडा बेटांच्या आसपास एखादं वादळ तयार होतं. ते बहुधा उपोष्ण जातीचं असतं. आपल्याकडचं चक्रीवादळ निव्वळ समुद्राच्या उबेवर वाढतं. त्याला साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम पाणी लागतं, त्याचा गाभा उबदार असतो आणि सगळ्यांत जोराचा वारा गाभ्याला लागून असतो. उपोष्ण वादळाचा जन्म मात्र वरच्या थरात उत्तरेकडून उतरलेल्या थंड हवेतून होतो. वर थंड हवा, खाली कोमट पाणी, या फरकावर ते जगतं. म्हणून त्याला तेवढं गरम पाणी नसलं तरी चालतं. उपग्रहाच्या चित्रात त्याचा मध्य उघडा दिसतो, ढगांचा पट्टा एकाच बाजूला वळलेला असतो आणि जोराचा वारा केंद्रापासून शंभर-दीडशे किलोमीटर दूर सापडतो.

म्हणजे ते सरत्या थंडीचं वादळ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विषुववृत्ताकडचा समुद्र कसा वागेल, याची खबर त्याच्यापाशी असणारच कशी?

१९९२ साल बघा. एप्रिलमध्येच असं एक उपोष्ण, बिननावी वादळ झालं. त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत नाव देण्यासारखं एकही वादळ नाही. साऱ्या हंगामात नावं मिळाली ती फक्त सहा वादळांना. मोजणीनं वर्ष शांत. पण त्या सहांपैकी पहिलं होतं अँड्र्यू, २४ ऑगस्टला दक्षिण फ्लोरिडावर आदळलेलं, सर्वोच्च पाचव्या श्रेणीचं. आता २०२१ घ्या. २२ मेला बर्म्युडाजवळ ॲना नावाचं उपोष्ण वादळ झालं आणि तो हंगाम २१ नावांपर्यंत गेला. सुरुवात सारखी, पुढचे महिने पार वेगळे. शिवाय २०१५ ते २०२१ अशी सलग सात वर्षं अटलांटिकमध्ये १ जूनआधी काही ना काही झालंच होतं. जी गोष्ट सात वर्षं लागोपाठ घडते, तिला शकुन किंवा अपशकुन कसं म्हणायचं?

एक अपवाद आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२४ मध्ये जूनच्या शेवटी बेरिल आलं, ते थेट उष्ण कटिबंधात, जिथे एरवी ऑगस्टशिवाय मोठी वादळं होत नाहीत. जुलैच्या पहिल्या दोन दिवसांतच ते पाचव्या श्रेणीला पोचलं. नोंदींमध्ये इतक्या लवकर तिथवर गेलेलं दुसरं वादळ नाही. त्यानं एक गोष्ट नक्की सांगितली: समुद्र आत्ताच तापलेला आहे. म्हणून वादळ किती तारखेला आलं यापेक्षा ते कुठे जन्मलं आणि कशावर वाढलं, हे आधी बघावं.

आता आपला समुद्र. मे-जूनमध्ये इथे उपोष्ण वादळाची भानगड नाही. पाणी तीस अंशांच्या आसपास असतं आणि वरचे-खालचे वारे अजून एकमेकांच्या विरुद्ध फारसे ओढत नसतात. एकदा मॉन्सून पुरता बसला की खाली जोराचे पश्चिमी वारे आणि वर जोराचे पूर्वेकडचे, यांत वादळाचा माथा एकीकडे आणि पाय दुसरीकडे ओढले जातात, त्याला उभंच राहता येत नाही. म्हणून अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मॉन्सूनच्या आधी किंवा नंतर. आणि आधीचं वादळ अगदी मॉन्सूनच्या उंबरठ्यावर होतं, त्यामुळे ते त्याचं येणं पुढे-मागे करू शकतं. किनाऱ्याला धरून उत्तरेला सरकलं तर कधी मॉन्सूनला हात देतं. किनाऱ्यापासून लांब राहून बाष्प स्वतःकडे ओढलं तर आपल्याकडचा पाऊस अडकतो.

२०१९ आठवा. ८ जूनला मॉन्सून केरळात आला आणि लगेच 'वायू' उठलं. सौराष्ट्राच्या जवळ जाऊन ते परत समुद्रात वळलं. महाराष्ट्रात मॉन्सून यायला २० जून उजाडला. देशभरात त्या जूनमध्ये ३३ टक्के तूट होती. आपल्याकडे लोक दुष्काळाचं बोलत होते, आणि त्यात गैर काही नव्हतं. पुढे जुलैच्या अखेरीपासून घाटमाथ्यावरचा पाऊस थांबलाच नाही आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. जूनमधल्या वादळावरून कुणी अंदाज बांधला असता तर तो कोरड्या वर्षाचा बांधला असता.

२०२१ मध्ये मेच्या मध्यावर 'तौक्ते' किनाऱ्यालगत वर गेलं. १७ मेच्या रात्री गुजरातला धडकलं, मुंबईत मे महिन्यातला विक्रमी पाऊस पाडून. त्याच वर्षी २२-२३ जुलैच्या पावसानं पंचगंगेचं पाणी २०१९ च्याही वर, ५६ फुटांपार. इथे वादळही आणि पूरही. पण दोघांत दोन महिन्यांचं अंतर, आणि एकाचं दुसऱ्याशी नातं जोडायला काही आधार नाही. कारण २०२३ ला 'बिपरजॉय' आलं, तेरा दिवस समुद्रात रेंगाळलं, १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर चढलं, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यांत कोरडा गेला. पॅसिफिकमध्ये तेव्हा एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी एरवीपेक्षा तापलेलं होतं, आणि त्यानं आपला पाऊस बऱ्याचदा कमी होतो. पुढच्याच वर्षी, २०२४ ला, मे-जूनमध्ये अरबी समुद्रात एकही चक्रीवादळ नव्हतं. तरी जुलैच्या अखेरीस पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली.

पेरणीचं मात्र मी मनापासून सांगते, कारण तिथे नुकसान थेट घरात येतं. वादळाच्या कडेचा पाऊस एका दिवसात शेत भिजवतो आणि माणसाला वाटतं, मिरग लागला. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तो आकडा वादळात एका रात्रीत भरू शकतो. मग वादळ निघून जातं, मागे कोरडी हवा येते, कोंब करपतात आणि दुबार पेरणीचं बियाणं घ्यायला उसनवारी. म्हणून भाऊजींना मी सांगते, वादळाचा पाऊस हिशेबात धरू नका. ते गेल्यावर पश्चिमेचं वारं टिकतंय का, सलग ढग येताहेत का ते बघा, मग टोका.

२०२५ ला याची दुसरी बाजू दिसली. २४ मेला कोकण किनाऱ्यावर, रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे, डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, जमिनीवर आलं. त्याच दिवशी मॉन्सून केरळात, २६ मेला मुंबईत, आजवरच्या नोंदींत सगळ्यांत लवकर. नंतर तो जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ जागेवरच थबकला. पन्हाळा-शाहूवाडीकडे रोहिणीत धूळवाफ पेरणी करतात, त्याला कोरडी माती लागते. वापसाच येईना, माती पेरण्याजोगी सुकेचना. लवकर आलेला पाऊस नेहमी भल्याचाच असतो, असं म्हणायची सोय त्या वर्षी राहिली नाही.

वीटभट्टीचं उत्तर सगळ्यांत सोपं: कागद घाला. वादळाचा मार्ग चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतो आणि तेवढा वेळ झाकायला पुरतो. मात्र दहा-बारा दिवसांनंतरचं भयंकर चित्र मोबाईलवर आलं तर ते पुढे पाठवू नका. ते एखाद्या मॉडेलचं एका वेळचं गणित असतं. दुसऱ्या वेळच्या गणितात बहुतेकदा ते वादळ उरलेलंही नसतं. हवामान विभागाचं पत्रक बघा, त्यात आज खरोखर काय आहे ते असतं: कमी दाबाचं क्षेत्र, डिप्रेशन की चक्रीवादळ. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचल्याशिवाय त्याला चक्रीवादळ म्हणत नाहीत आणि नावही देत नाहीत.

राहिला पूर. २०२१ चा म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुष्य नक्षत्रात आला, २०१९ चा आश्लेषात. त्या दिवसांत मी अरबी समुद्राकडे नाही, बंगालच्या उपसागराकडे बघते. तिकडून कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक मध्य भारतावरून सरकायला लागली, की इकडे पश्चिमी वारं घाटाला भिडतं. मग घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याचा रोजचा पाऊस बघायचा, एका दिवसाचा नाही, लागोपाठ तीन-चार दिवसांचा. राधानगरी धरण आधीच भरलेलं आहे का, स्वयंचलित दरवाजे उघडले का. आणि नरसोबावाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा किती चढली आहे, कारण कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे पसरतं. हे सगळं एकत्र जुळलं तर नदीकाठच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीकडच्या माझ्या माणसांना मी त्याच दिवशी फोन करते. मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या जुन्या खुणेपर्यंत चढलं का, हे बघायला पुलावर जाऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की म्हशी हलवा, म्हातारी माणसं आणि कागदपत्रं घेऊन निघा. ४३ फुटांच्या धोका पातळीला रस्ता मिळेलच असं नाही.