तलावपाळीहून मोत माउलीपर्यंत पायी

वांद्र्याची मोत माउलीची (माउंट मेरी चर्चची) जत्रा ८ सप्टेंबरला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी सुरू होते. आम्ही आदल्या शनिवारी रात्री दहाला ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपासून निघतो. एलबीएस मार्गाने मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, शीव, मग धारावीकडून माहीम कॉजवे आणि शेवटी वांद्र्याची टेकडी. साधारण २७ किलोमीटर. ताशी साडेचारची चाल धरली तर सहा तास, थांब्यांसकट आठ.

चालण्याने पाप फिटेल या हिशेबाने या वारीला येऊ नये. कुमसार, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली, आधीच्या आठवड्यात, आपल्याच चर्चमध्ये, निवांतपणे करावा. आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निर्धार, कबुली आणि सांगितलेलं प्रायश्चित्त, हा क्रम. जत्रेच्या गर्दीत नेमकं आत्मपरीक्षणच राहून जातं आणि घरून पाठ केलेली यादी तेवढी वाचली जाते.

निघण्यापूर्वी आम्ही उत्पत्तीचा तिसरा अध्याय मोठ्याने वाचतो. चोवीस वचनं, पाच मिनिटं लागतात. फळ सफरचंदाचं होतं असं त्यात कुठेही नाही. लॅटिनमध्ये ‘मालुम’ म्हणजे सफरचंद आणि वाईटही, त्या जुळणीने सफरचंद चित्रांत रुजलं. खाल्ल्यावर काय होतं ते नीट ऐकण्यासारखं आहे. दोघं अंजिराची पानं शिवून अंग झाकतात, झाडांत लपतात. देव विचारतो, ‘तू कोठे आहेस?’ आदाम बोट दाखवतो बायकोकडे, आणि ‘तू दिलेली’ म्हणून देवाकडेही. बायको सापाकडे. पाप म्हणजे नुसती मोडलेली आज्ञा नाही. देव, माणूस आणि जमीन या तिघांतलं नातं तिथे तुटतं. तरी बागेबाहेर घालवताना देवच त्यांना कातड्याचे कपडे करून घालतो. आमच्या मते तारणाची गोष्ट याच वचनापासून सुरू होते.

तीन हात नाक्यापर्यंत जपमाळ. मध्यरात्रीपर्यंत शनिवारची आनंदाची रहस्यं (जपताना मनन करायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग), नंतर पुन्हा म्हटली तर रविवारची गौरवाची. पाच रहस्यांना वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे दीड-पावणेदोन किलोमीटर. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं, एकामागे एक चालायचं. कडेला उभ्या टेम्पोंमुळे रांग मध्येच रस्त्यावर येते, म्हणून पहिल्याने आणि शेवटच्याने चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालावं.

मुलुंडच्या पुढे हटकून प्रश्न येतो: आदामाने केलं, त्याचा भार आमच्यावर का? पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा धर्मशिक्षक पेलेजियस म्हणत होता, आदामाने वाईट धडा घालून दिला, इतकंच. त्याच्या काळातला बिशप ऑगस्टिनने ते मान्य केलं नाही, ४१८ च्या कार्थेजच्या सभेनेही नाही. आणि १५४६ मध्ये चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं की हे ‘मूळ पाप’ अनुकरणाने नव्हे, वंशाने येतं. मात्र ते आपण केलेलं पाप नव्हे, आपल्याला लागलेली अवस्था आहे. बापाने जमीन घालवली तर पुढे जन्मलेल्या मुलाचं नाव सातबाऱ्यावर येत नाही. मुलगा गुन्हेगार नसतो, पण हक्काचं जे होतं ते त्याच्याकडे नसतं. दाखला इथवरच चालतो, कारण इथे स्वभावालाही जखम झालेली आहे. बाप्तिस्मा मूळ पाप धुतो, पण पापाकडचा ओढा मागे राहतो आणि त्याच्याशी झगडावं लागतं.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एका आदामासमोर दुसरा, म्हणजे ख्रिस्त, उभा केला आहे: एकाच्या आज्ञाभंगाने मरण, एकाच्या आज्ञापालनाने जीवन. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनेयस त्यात मरियेला आणतो. हव्वेने घातलेली गाठ मरियेच्या होकाराने सुटली. म्हणून ही वारी तिच्या जन्मदिवसाच्या जत्रेला. ८ डिसेंबर (तिच्या गर्भधारणेचा सण) ते ८ सप्टेंबर हे नऊ महिने मोजा. मरियेची गर्भधारणाच मूळ पापाविना झाली, हे १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी श्रद्धासत्य म्हणून घोषित केलं. मग तिला तारणाची गरज नव्हती का? होती. भांडुपचे पाण्याने भरलेले खड्डे चुकवताना जुन्या शिक्षकांचं उदाहरण पटतं: पडलेल्याला वर काढणं ही सुटका, आणि पडण्याआधीच हात धरणं हीसुद्धा सुटका. दोन्हीकडे हात ख्रिस्ताचाच.

घाटकोपरला मोजे बदला, फोड नसला तरी. ओली कातडी मऊ पडते, मोज्याची एक घडी तिच्यावर घासत राहते आणि टाचेच्या मागे रुपयाएवढा पांढरा फुगा येतो. तो फोडू नये. भोवती कापसाचं कडं ठेवून वर चिकटपट्टी लावावी. बोटांमध्ये व्हॅसलीन घरूनच. नवे बूट कधीच नको.

कुर्ला ते शीव हा पट्टा सगळ्यांत जड जातो, आणि सगळ्यांत अवघड विषयही तिथेच येतो. मराठीत तारण म्हणजे सुटका, आणि तारण म्हणजे गहाणही. ‘पुष्कळांसाठी खंडणी’ असं येशू स्वतः म्हणतो. पण ती भरली कुणाला? चौथ्या शतकातला बिशप निस्साचा ग्रेगरी म्हणाला, सैतानाला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला ती कल्पनाच सहन झाली नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अँसेल्मने मांडलं की पापाने देवाचा मान हिरावला. भरपाई माणसाने करायची, पण करू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला. यांतलं कुठलंही एकच स्पष्टीकरण चर्चने अंतिम म्हणून बांधून दिलेलं नाही. क्रुसावर ख्रिस्त आपल्यासाठी मेला आणि उठला, हे मात्र पक्कं. ते देणं आपल्या पायांनी फिटणारं नाही, ते फिटलेलं आहे. चालायचं ते आभारासाठी.

माहीमला शेवटचा चहा. ख्रिस्तप्रसाद (मिस्सा या चर्चमधल्या मुख्य उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) घेण्याआधी एक तासाचा उपवास असतो. पाणी आणि औषध चालतं. टेकडीखाली मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. हातात घेतलेला मेणाचा पाय पिवळसर, जरा चिकट, बोटं एकमेकांना जुळलेली. तो नवसाचा सौदा म्हणून नव्हे, विनंती म्हणून ठेवावा. मग मिस्सा. उतरताना गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकत उतरा. पायांत गोळे येतात ते बहुधा याच उतारावर.