"उद्या आम्ही नसू"

"उद्या ये वं बाई, तुह्यासाठी चिचा आनून ठेवतो," लोणारला बोरं विकणारी आजी माझ्या पोरीले म्हणाली. पोरगी बोरं खाता खाता म्हणे, "उद्या आम्ही नसू आजी."

बस एवढंच. रडली नाही, तोंड पाडलं नाही, जसं कोणी वेळ सांगावी तसं सांगितलं.

दिवस तसा मस्त गेला होता. सकाळी धारेच्या झऱ्यापासून खाली उतरलो, दोघा लेकरांनी कागदाला हळद चोळून तळ्याच्या पाण्यात बुडवला आणि तो लालसर झाला तेव्हा काय नाचले! पाणी खारं तर आहेच पण सोड्यासारखं अल्कलाइन पण आहे, म्हणून हळद रंग बदलते. उल्का पडून बेसॉल्टमध्ये झालेलं जवळपास १.८ किलोमीटर रुंद विवर, आणि शाळा म्हणजे हेच काठावर बसून, याच्यासाठीच तर घर सोडून ट्रॅव्हलर गाडीत राहायला लागलो ना आपण.

पण रात्री टाकीत पाणी भरताना, गाद्या टाकताना तेच डोक्यात. आठ महिन्यांत पोरीनं किती जणांना हे सांगितलं असेल, चिखलदऱ्यात, नागझिऱ्याच्या गेटजवळ त्या चहावाल्याच्या लेकीला... आणि आम्ही दोघं समोर बसून ऐकत होतो, पण कानावर आलं ते आजच.

सकाळी मेहकरकडे निघायचं होतं. नवऱ्याला म्हटलं, एक दिवस थांबू, चिचा घेऊन जाऊ.

तुमची लेकरं "उद्या भेटू" कोणाला म्हणतात?