पांगतीचे अंकल

लोणावळ्याला नोव्हेंबरात आम्ही अमूर ससाण्यासाठी माना दुखेपर्यंत आकाशाकडे बघतो. एखादा दिसला तरी दिवस सत्कारणी. नागालँडात तेच पक्षी लाखांनी उतरतात म्हटल्यावर एकदा जायचंच होतं. दिमापूर, वोखा, मग पांगती गावापर्यंतचा हाडं खिळखिळी करणारा रस्ता. इनर लाइन परमिट, म्हणजे नागालँडात शिरायचा सरकारी परवाना, आधी काढून ठेवा. प्रवासाचं बाकी पुराण लावत नाही, कारण सांगायचंय ते अंकलबद्दल.

दोयांग जलाशयाकाठी ससाण्यांचा रातथारा, म्हणजे रात्री विसाव्याला उतरायची जागा आहे. त्याची राखण करणाऱ्या गावकऱ्यांपैकी हे एक. लोथा नागा जमातीचे, साठीच्या आसपासचे, पायात गमबूट. त्यांची हिंदी माझ्याइतकीच मोडकी, त्यामुळे सूर लगेच जुळले.

गेलो तेव्हा ते जाळं सांधत बसले होते. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातात सुई, नायलॉनची एकेक गाठ मारून दोरा दाताने तोडायचा. मी जाळ्याकडे नको तेवढा वेळ बघत राहिलो असणार.

"हाँ, ऐसा ही था," ते मान वर न करता म्हणाले.

ऑक्टोबर २०१२ मध्ये मासेमारीच्या अशाच जाळ्यांनी इथे दिवसाला बारा ते चौदा हजार ससाणे मारले जात असल्याचा अंदाज पक्षिनिरीक्षकांनी मांडला. त्यांत बानो हारालू होत्या, शशांक दळवी होता. त्या शिकारीची त्यांनी काढलेली चित्रफीत मी घरी सोफ्यावर बसून पाहिली होती, आणि "काय माणसं आहेत!" म्हणून मोकळा झालो होतो.

अंकलची गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधी सुरू होते. धरण झालं, शेतं पाण्याखाली गेली, शेतकऱ्याचा कोळी झाला. मग पाण्याकाठच्या झाडांवर हे पक्षी झुंडींनी उतरायला लागले, आणि जाळी तर घरात होतीच. दोन झाडांमध्ये टांगायची, सकाळी उतरवायची. धुरावलेले पक्षी विकून पोरांच्या शाळेची फी निघायची. २०१३ मध्ये ग्रामपरिषदेने बंदी घातली, चर्चमधूनही सांगणं झालं, आणि त्या हंगामात शिकार थांबली. एका वर्षात!

"पैसा भी रुका," अंकल म्हणाले. "वो कोई नहीं पूछता."

मी विचारलं ते भलतंच. "खायला कसे लागायचे?"

"अच्छा था. बहुत अच्छा." चेहऱ्यावर ना खंत, ना ओशाळेपण. मला ते फार आवडलं.

तिकडे दिवस लवकर मावळतो. चारच्या सुमारास त्यांनी मला झाडांखाली नेलं. जमीन विष्ठेने पांढरी, उग्र दर्प. त्यांनी पक्ष्याने ओकून टाकलेली एक गोळी उचलून बोटांनी फोडली. आत किड्यांचे चकचकीत तुकडे. इथे वाळवी आणि किडे खाऊन ते चरबी साठवतात आणि मग अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिका गाठतात. वजन म्हणाल तर दीडशे ग्रॅमच्या आसपास.

मग ते आले. आधी डोंगरावर ठिपके, मग सगळं आकाशच हलायला लागलं. कॅमेरा गळ्यात तसाच राहिला. एक नर अगदी जवळच्या फांदीवर बसला: राखी अंग, तांबूस मांड्या, आणि नुकतीच हळद-कुंकू कालवल्यासारखे नारिंगी पाय.

२०१३ च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपग्रह-ट्रान्समीटर बसवले, त्यांतल्या एका मादीचं नाव 'पांगती' ठेवलं. "हमारा गाँव अफ्रीका गया," हे अंकलनी मला दोन दिवसांत चार वेळा सांगितलं. निघताना नंबर लिहून घेतला. तुमच्याकडे पोचले की फोन करायचा, ही अट.

परत आल्यावर एका रविवारी लोणावळ्याहून लावला. रेंज तुटत होती.

"कितना आया?"

"चार."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग अंकल इतके हसले, इतके हसले, की शेजारी उभ्या मित्राने दुर्बीण खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं.