पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलायचं तर

चाळीसच्या पुढे गाडी गेली की पुढून घर्रर्र आवाज येतो, क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली तरी येतच राहतो, आणि वेग कमी केला की आवाजही मंदावतो, असं असेल तर इंजिनाकडे बघायचं कारण नाही, चाकातलं बेअरिंग गेलंय. आमच्या घरच्या स्प्लेंडरला पावसाळ्यानंतर हेच झालं. कोल्हापुरात पावसात रस्त्यावर किती पाणी असतं ते इकडच्यांना सांगायला नको, आणि पाऊस संपतो ना संपतो तोवर उसाचे ट्रॅक्टर शेतातला चिखल रस्त्यावर आणतात. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, तोंडाशी पाणी अडवायला ऑईल सील असतं पण ते रबर जुनं झालं की कडक पडतं आणि पाणी आत जातं. पाणी गेलं की ग्रीस पांढरट होतं, मग गंज धरतो, मग रेसच्या, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या रिंगांच्या, गुळगुळीत खोबणीचे बारीक टवके उडतात आणि मधले गोल छर्रे त्याच्यावरून फिरायला लागले की तो आवाज सुरू.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. गाडी डबल स्टँडला लावा, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा, टायर वरून आणि खालून धरून आडवं हलवा. खट्खट् लागलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. पण इथे एक खुबी आहे, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) सैल असला तरी हाताला बऱ्यापैकी तसंच लागतं. म्हणून टायर सोडून फोर्कची, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन पायांची, खालची टोकं धरा आणि मागेपुढे हलवा, अख्खा फोर्क हलला तर दोष कोनसेटचा, फोर्क गच्च आणि चाक तेवढं हलतंय तर बेअरिंगचा.

आता हे घरी का करायचं? बेअरिंग महाग नाही आणि गॅरेजची मजुरीही फार नसते, पैशाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे हातोडी कुठे पडते त्याचा. रस्त्याकडेच्या एका गॅरेजात मी बघितलंय, नवं बेअरिंग हबवर ठेवलं आणि मधल्या रिंगेवर पंच धरून दणादण ठोकलं. बाहेरची रेस हबमध्ये घट्ट बसणार आहे आणि मार बसतोय आतल्या रेसवर, म्हणजे प्रत्येक घाव छऱ्यांमधून पलीकडे जातोय. छर्रा रेसला एका ठिपक्याएवढ्या जागी टेकलेला असतो, तिथे एवढा मार बसला की खोबणीत डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. गाडी गॅरेजातून निघते तेव्हा छान चालते, काही महिन्यांत आवाज परत येतो, आणि लोक म्हणतात हल्ली माल चांगला येत नाही! माल चांगला असतो हो, बसवतानाच मारलेला असतो. सगळे मेकॅनिक असं करत नाहीत, पण ज्याच्यासमोर दहा गाड्या उभ्या आहेत त्याला सबुरी कुठून येणार. ती घरी असते.

तर चाक काढायचं, ब्रेकची प्लेट बाजूला ठेवायची आणि तिच्यावर पेपर झाकायचा, ब्रेक शूला ग्रीसचा हात लागता कामा नये. ऑईल सील काढलं की बेअरिंग दिसतं. दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या मधे एक नळी असते, तिला कॉलर म्हणतात. एका बाजूने लांब सळई घालून ही कॉलर थोडी बाजूला सरकवली की पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रेसची कड सळईला सापडते. तिथे हळूहळू ठोकायचं, एकदा वर एकदा खाली, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, एकाच जागी ठोकलं तर बेअरिंग तिरकं होऊन हबमध्ये अडकतं आणि ॲल्युमिनियमचं भोक खरवडलं जातं. जुनं तसंही फेकायचंय, त्यामुळे त्याच्या आतल्या रेसवर मारलं तर चालतं. आमच्याकडचं निघालं तेव्हा बोटाने फिरवून बघितलं, वाळू भरल्यासारखं खरखरत होतं, आणि सीलच्या कडेला गंजाचं लाल पाणी.

दुकानात गेल्यावर गाडीचं नाव सांगू लागलो तर दुकानदार म्हणाले, "दादा, गाडी राहू दे, नंबर सांगा." बरोबरच आहे त्यांचं. बेअरिंगच्या अंगावर नंबर कोरलेला असतो, आमचं ६३०१. शेवटच्या दोन आकड्यांवरून आतलं भोक कळतं, ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. ६३०१ म्हणजे आतून १२, बाहेरून ३७, जाडी १२. ६२०१ पण आतून १२ च असतं पण बाहेरून ३२, त्यामुळे नंबर नीट वाचा. पुढे टू आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं. आपल्या पावसाला रबरीच घ्या. डुप्लिकेट माल बाजारात खूप आहे, त्यामुळे ओळखीच्या दुकानातूनच घ्या, आणि ऑईल सील नवीन घ्यायला विसरू नका, सगळ्या दुखण्याचं मूळ तेच आहे.

बसवताना नवं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं होतं (आईला आधी सांगून). हब हीट गनने तापवलं, पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरला की बास. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, हब साठेक अंशांनी तापलं तर ३७ मिलिमीटरचं भोक साधारण ०.०५ मिलिमीटरने मोठं होतं, ऐकायला काहीच नाही पण बेअरिंगला तेवढं पुष्कळ आहे. फ्रीजरमधून काढलं की लगेच बसवा, बाहेर ठेवलं तर त्याच्यावर दव धरतं. जुनं बेअरिंग वर ठेवून लाकडाच्या ठोकळ्याने ठोकायचं, म्हणजे मार नुसत्या आतल्या रेसवर न पडता बाहेरच्या रेसलाही बसतो. आवाज ऐका, ठक्ठक् चाललेलं असतं आणि तळाला टेकलं की एकदम भरीव आवाज येतो, तिथे थांबायचं. जुनं वर अडकू नये म्हणून त्याची बाहेरची कड आधी थोडी घासून घ्या.

मग चाक उलटं करून कॉलर टाका, आणि त्यानंतरच दुसरं बेअरिंग. कॉलर राहिली तर एक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट आवळला की दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे दाबल्या जातात आणि नवी बेअरिंग थोड्याच दिवसांत संपतात. दुसरं बेअरिंग कॉलरला टेकेपर्यंतच घ्यायचं, टेकल्यावर आणखी ठोकायचं नाही. बोट घालून आतली रेस फिरवा, मऊ फिरली पाहिजे.

चाक चढवताना स्पीडोमीटरच्या गिअरच्या जिभा हबच्या खाचेत बसल्या का बघा, आणि त्याहून महत्त्वाचं, ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. ती बसली नाही तर ब्रेक दाबल्यावर अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं, हे जिवावरचं आहे. नट आवळून झाल्यावर ही खाच परत एकदा डोळ्यांनी बघा, ब्रेकची केबल ॲडजस्ट करा, आणि गल्लीतच हळू चालवत दोनचार वेळा ब्रेक मारून मग मोठ्या रस्त्याला जा.

आमची गाडी आता साठला पण गप्प चालते. मागच्या चाकाला हात घालणार असाल तर तिथे चेन स्प्रॉकेटच्या बाजूला एक वेगळं बेअरिंग असतं, त्याचा नंबर आधीच बघून घ्या, आणि तेवढं उघडलंच आहे तर स्प्रॉकेटमागचे रबरही चाचपून बघा. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा, प्रेशरचा पाइप हबच्या तोंडावर धरू नको म्हणून.